सर्व्हरचा सातबारा कोणी लिहायचा? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एआरएम सर्व्हरवर, म्हणजे मोबाइलमध्ये असतात त्या जातीचे प्रोसेसर लावलेल्या सर्व्हरवर, दोन पानं लिहिली होती आणि शेवटी म्हटलं होतं की काही अडलं तर विचारा, तर यावेळी पत्रांचा ढीगच आला. त्यातली निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीभोवती फिरतायत, मशीनमध्ये काय काय हार्डवेअर बसवलंय हे ऑपरेटिंग सिस्टमला सांगायचं कोणी आणि कुठल्या भाषेत. माझं रोजचं काम हेच, त्यामुळे यावेळची सगळी जागा याच विषयाला दिलीय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून सगळ्यांच्याच फक्त गावाचं किंवा भागाचं नाव देतेय.

अंबडहून एक वाचक: ताई, आमच्या कंपनीत नऊ-दहा जुने इंटेलचे सर्व्हर आहेत, एकाच पेनड्राइव्हवरून सगळ्यांवर लिनक्स टाकतो, कधी काही त्रास झाला नाही. आता दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे एआरएम बोर्ड आणले तर प्रत्येकाला वेगळी इमेज लागते, एकाची दुसऱ्यावर बूटच होत नाही. प्रोसेसर दोन्हीकडे ६४ बिटचा एआरएमच आहे, मग असं का?

प्रोसेसर सारखा असला तरी त्याच्या आजूबाजूला जे काही असतं ते सारखं नसतं, आणि घोळ तिथेच आहे. पीसीआयचं कार्ड असेल तर ते स्वतः बोलतं, कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याने) विचारलं की कंपनीचा नंबर आणि मॉडेलचा नंबर सांगतं (इंटेलचा कंपनी नंबर ८०८६ आहे, बघा कधी डीमेसेज कमांड देऊन), यूएसबीचंही तसंच. पण बोर्डवर कितीतरी चिप मुक्या असतात. तापमान मोजणारा आय-टू-सी सेन्सर, सिरीयल पोर्ट, इंटरप्ट कंट्रोलर, पंख्याची पिन, या कुठल्या पत्त्यावर बसल्यात ते त्यांना विचारून कळत नाही, आणि अंदाजाने एखाद्या पत्त्यावर हात घालून बघावं तर मशीन जागच्या जागी गोठू शकतं. म्हणजे ते कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं पाहिजे. आपण जमीन घ्यायला निघालो की साखळी घेऊन शिवार मोजत सुटत नाही, आधी सातबारा काढतो, गट नंबर काय, क्षेत्र किती, भोगवटादार कोण, इतर हक्कात विहीर आहे का बोजा आहे. कर्नलला तसाच उतारा लागतो, त्याच्याशिवाय तो पुढे सरकत नाही.

तुमच्या इंटेलच्या मशीनवर हा उतारा बायोसमध्येच असतो, म्हणजे बोर्डवरच भरून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये (यालाच फर्मवेअर म्हणतात), त्याचं नाव एसीपीआय. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून त्याची पहिली आवृत्ती काढली, आणि विंडोज चालवायची तर बोर्ड बनवणाऱ्याला तो नीट भरून द्यावाच लागायचा, म्हणून सगळ्यांनी दिला. त्याच पुण्याईवर तुमचा पेनड्राइव्ह कुठेही चालतो. एआरएम वाढला तो मोबाइल आणि छोट्या उपकरणांमध्ये, तिथे एक डबा आणि त्याचं एक सॉफ्टवेअर असा हिशोब, त्यामुळे उतारा सरळ कर्नलच्या कोडमध्येच लिहायचे, प्रत्येक बोर्डची आपली एक सी भाषेतली फाइल. त्या फायलींची इतकी गर्दी झाली की २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स जाहीरपणे चिडले, आणि मग उतारा कोडमधून काढून वेगळ्या फायलीत न्यायचं काम जोरात सुरू झालं, तोच डिव्हाइस ट्री. फार मोठं पाऊल होतं ते. पण ती फाइल ठेवायची कुठे हा प्रश्न राहिलाच, आणि पुष्कळ बोर्डवाल्यांनी ती लिनक्सच्या इमेजमध्येच घालून दिली. तुमचं दुखणं नेमकं हेच आहे, उतारा मशीनकडे नाहीये, पेनड्राइव्हवर आहे, म्हणजे दुसऱ्याच गावचा सातबारा घेऊन तुम्ही या गावच्या चावडीत उभे आहात.

आता करायचं काय, तर बोर्डवाल्याला एवढंच विचारा की बोर्डच्या फ्लॅशमध्ये टाकता येईल असं यूईएफआय (बायोसच्या जागी आलेल्या नव्या मानकाचं) फर्मवेअर तुमच्याकडे आहे का आणि डिव्हाइस ट्री किंवा एसीपीआय त्या फर्मवेअरमधूनच मिळतो का. हो म्हणाला तर डेबियन किंवा फेडोराची साधी एआरएम इमेज दोन्हींवर चढायची शक्यता चांगली आहे. आणि पुढची खरेदी करताना आर्मचं, म्हणजे एआरएम प्रोसेसरची रचना करणाऱ्या कंपनीचं, सिस्टिमरेडी सर्टिफिकेट आहे का ते कोटेशन मागतानाच विचारा. २०२० मध्ये त्यांनी हा कार्यक्रम सुरू केला तो याच कारणासाठी, की बाजारातली तयार इमेज घ्यावी, लावावी आणि ती चालावी.

पंचवटीहून, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी: डिव्हाइस ट्री आणि एसीपीआय दोन्ही हार्डवेअरचं वर्णनच करतात ना, मग फरक नेमका काय? आणि माझ्याकडे एआरएमचा बोर्ड नाही, साध्या लॅपटॉपवर बघता येईल का?

छान प्रश्न विचारलास, आणि उत्तर एका सिरीयल पोर्टवरून सांगते म्हणजे हवेत राहणार नाही. एआरएमच्या जगात पीएल०११ नावाचा सिरीयल पोर्ट सगळीकडे सापडतो. डिव्हाइस ट्रीत त्याची नोंद बघ, 'कम्पॅटिबल' या ओळीत 'एआरएम, पीएल०११' असं नाव, खाली रजिस्टरचा पत्ता आणि लांबी, त्याखाली इंटरप्टचा नंबर, आणि त्याला क्लॉक (चिपला ठेका देणारा सिग्नल) कुठून येतो त्या क्लॉकच्या नोंदीकडे बोट दाखवणारी एक ओळ. कर्नलमधला ड्रायव्हर हे सगळं वाचतो, स्वतः जाऊन क्लॉक चालू करतो, त्याच्या वेगावरून गणित करून बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, लावतो. आता तोच पोर्ट एसीपीआयमध्ये बघ. तिथे त्याची ओळख 'एआरएमएच००११', पत्ता आहे, इंटरप्ट आहे, पण क्लॉकचं नावसुद्धा नाही. कारण क्लॉक फर्मवेअरने आधीच लावलाय, बॉड रेट ठरवून टाकलाय, आणि कर्नलने त्याला हात लावायचा नाही असं ठरलेलं आहे.

म्हणजे फरक नुसत्या फाइल फॉरमॅटचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. तू दिंडोरी-ओझर बाजूचा असशील तर कालव्यावरचा पाटकरी तुला माहीत असेल. एक पद्धत अशी की शेतकऱ्याच्या हातात सगळ्या चाऱ्यांचा आणि गेटांचा नकाशा दिला, बाबा रे तुझं तू बघ, कुठलं गेट किती फिरवायचं ते, हा डिव्हाइस ट्री. दुसरी पद्धत अशी की शेतकऱ्याने पाटकऱ्याला सांगायचं मला पाणी पाहिजे, आणि कुठलं गेट आधी उघडायचं, कुठलं बंद करायचं हे पाटकऱ्याने बघायचं. एसीपीआयमध्ये असा पाटकरी असतो, त्याला एएमएल म्हणतात. फर्मवेअर लिहिणारा एएसएल भाषेत छोटे छोटे मेथड लिहितो, त्यांचा बाइटकोड होतो, आणि कर्नलमध्ये एक इंटरप्रिटर बसवलेला असतो तो ते चालवतो. कर्नल म्हणतो हे डिव्हाइस चालू कर, तर '_पीएस०' नावाचा मेथड चालतो, आत काय काय होतं ते त्या बोर्डवाल्याला माहीत. पाटकरी चांगला असेल तर शेतकरी निवांत, आणि पाटकरीच चुकला तर शेतकऱ्याला चूक कुठे झाली ते दिसतही नाही, हे दोन्ही खरं आहे आणि पुढच्या प्रश्नातलं सगळं भांडण यावरूनच झालं.

बघायचं कसं ते सांगते. लॅपटॉपवर क्यूएमयू टाक, हा लॅपटॉपमध्येच दुसरं मशीन असल्याचा आभास करणारा प्रोग्राम, त्यात एआरएमचं 'व्हर्ट' नावाचं मशीन आहे, त्याला 'डम्पडीटीबी' हा पर्याय दिला की ते आपला डिव्हाइस ट्री फायलीत काढून देतं. ती फाइल हेक्स एडिटरमध्ये उघड, पहिले चार बाइट डी, शून्य, शून्य, डी, एफ, ई, ई, डी असे दिसतील, ही त्याची खूण, सगळ्या डीटीबी, म्हणजे डिव्हाइस ट्रीच्या बायनरी, फायलींची हीच. मग डीटीसी कंपायलरने उलटा करून वाच, सिरीयल पोर्ट शोधून काढ. त्यानंतर त्याच मशीनला ईडीके-टू चं यूईएफआय फर्मवेअर लावून बूट कर, आता कर्नलला एसीपीआय मिळेल, एसीपीआयडम्पने टेबल काढ आणि आयएएसएल या एसीपीआयच्या कंपायलरने उलगडून तोच पोर्ट तिथे शोध. एका संध्याकाळचं काम आहे, पण दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवून वाचल्यास की पुस्तक वाचायची गरज पडणार नाही.

नाशिकरोडहून एक निवृत्त इंजिनिअर: दोन्ही पद्धती चांगल्या आहेत तर वाद कशाचा? आमच्या वेळी कमिटी बसायची, ठराव व्हायचा, सगळे पाळायचे. ओपन सोर्सवाल्यांना एकत्र बसून ठरवता येत नाही का? शेवटी ठरलं काय ते तरी सांगा.

काका, तुम्ही मुद्द्याला हात घातलात, म्हणून याला सगळ्यात जास्त जागा देतेय.

आधी हे सांगते की दोन्हींच्या मागे कमिट्या होत्याच. डिव्हाइस ट्रीचं मूळ आयईईई १२७५ या १९९४ च्या मानकात आहे, ओपन फर्मवेअर म्हणून, सनच्या स्पार्क मशीनवर आणि ॲपलच्या पॉवरपीसीवर ते होतं. पुढे लिनक्सवाल्यांनी त्यातलं फक्त झाड ठेवलं आणि बाकीचं फर्मवेअर बाजूला काढलं. एसीपीआय सुरुवातीला मोजक्या कंपन्यांच्या हातात होता, २०१३ मध्ये तो यूईएफआय फोरम या कंपन्यांच्या संस्थेकडे गेला. मग ६४ बिटचे एआरएम सर्व्हर यायची वेळ झाली, आर्मने जानेवारी २०१४ मध्ये एसबीएसए नावाचं कागदपत्र काढून सर्व्हरच्या चिपमध्ये कमीत कमी काय सारखं असलं पाहिजे ते सांगितलं, त्याच वर्षी एसीपीआय ५.१ मध्ये एआरएमला लागणाऱ्या गोष्टी आल्या, आणि लिनक्समध्ये एसीपीआय घ्यायचा का नाही यावर रान पेटलं.

नको म्हणणाऱ्यांचं म्हणणं उगाच नव्हतं. एक तर एआरएमवर डिव्हाइस ट्री नुकता कुठे रुळला होता, त्यात दुसरी वाट उघडली तर प्रत्येक ड्रायव्हर दोनदा सांभाळा. दुसरं, लॅपटॉपच्या एसीपीआयने कर्नलवाल्यांना इतकी वर्षं छळलेलं, टेबल फक्त विंडोजवर तपासलेलं, चुकलेलं असलं तरी फर्मवेअर बंद, दुरुस्त करता येत नाही, कर्नलमध्येच ठिगळं लावा. तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डिव्हाइस ट्रीत नवीन प्रॉपर्टी आणायची तर ती उघड्यावर मांडावी लागते, लोक तपासतात, नावं ठेवतात, सुधारतात. एसीपीआय ५.१ मध्ये '_डीएसडी' आलं, त्यात कोणीही कंपनी आपल्या मनाची प्रॉपर्टी घालू शकते, मग तपासणार कोण? फोरमच्या बैठका सभासदांच्या, तिथे घरून काम करणारा कर्नलवाला बसणार कसा?

हवा म्हणणाऱ्यांचंही वजनदार होतं. बँक किंवा मोठी कंपनी जी लिनक्स घेते ती पाच-सात वर्षं तीच आवृत्ती चालवते, आणि मधेच नवीन मशीन घेते. ते नवीन मशीन जुन्या कर्नलवर बूट व्हायला हवं, तिथे प्रत्येक क्लॉक आणि रेग्युलेटरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये पाहिजे म्हटलं तर जमणारच नाही, तिथे पाटकरीच लागतो. मेमरी खराब होतेय, पीसीआयवर चूक आलीय, हे फर्मवेअरने कर्नलला कळवायची यंत्रणा एसीपीआयमध्ये तयार होती. विंडोजला एसीपीआयच लागतो, त्यामुळे मशीन बनवणारा तो लिहिणारच होता. आणि जानेवारी २०१५ मध्ये ग्रँट लाइकली यांनी एआरएम सर्व्हरवर एसीपीआय का हवा याची कारणं सविस्तर लिहून मांडली. हे लाइकली तेव्हा लिनक्समधल्या डिव्हाइस ट्रीचेच मेन्टेनर, म्हणजे तो भाग सांभाळणारे! ज्याने आयुष्याची काही वर्षं एका पद्धतीवर घालवली तो माणूस उभा राहून म्हणतो की या जागी दुसरी जास्त बरोबर बसते, हे मी तेव्हा वाचलं आणि मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला, अजून वाटतो.

शेवटी ठरलं ते असं. कर्नलवाल्यांनी नाही म्हटलं नाही पण अटींची यादी दिली, अमुक तमुक झाल्याशिवाय घेणार नाही, आणि २०१४ चं अख्खं वर्ष पॅच (कोडमधले सुचवलेले बदल) येत होते, परत जात होते, सुधारून पुन्हा येत होते. जून २०१५ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१ मध्ये एआरएम ६४ साठी एसीपीआय आला. नियम असा की फर्मवेअरने नीट भरलेला डिव्हाइस ट्री दिला असेल तर तोच वापरायचा, नसेल तर एसीपीआय, आणि कोणाला जबरदस्ती करायचीच असेल तर बूटच्या ओळीत एसीपीआय फोर्स लिहायचं. सर्व्हरला एसीपीआय, छोट्या आणि एम्बेडेड मशीनला डिव्हाइस ट्री अशी वाटणी हळूहळू सगळ्यांनी मान्य केली. '_डीएसडी' मध्ये एक सोयही झाली, 'पीआरपी०००१' अशी ओळख देऊन डिव्हाइस ट्रीतलं 'कम्पॅटिबल' नाव एसीपीआयमध्ये वापरता येतं, म्हणजे तीच नोंद दोनदा शोधायला नको. आणि फोरमनेही नंतर 'कोड फर्स्ट' पद्धत आणली, बदल आधी उघड्यावर कोडसकट मांडायचा, लोकांनी बघायचा, मग मानकात घ्यायचा. तिसरा आक्षेप घेणाऱ्यांचा हा विजय आहे असं मी मानते.

तुम्ही कमिटी म्हणता, काका, पण कमिटीने ठरवलेलं सगळ्यांनी पाळलंच असं झालं नाही. एसबीएसएमध्ये पीसीआय कसं असावं ते लिहिलेलं होतं, तरी सुरुवातीच्या काही सर्व्हर चिपमध्ये ते तसं नव्हतं, आणि कर्नलमध्ये त्या त्या चिपसाठी अपवादांची यादी करावी लागली, ती अजून आहे. सिलिकॉनमध्ये गेलेली चूक कागदाने सुधारत नाही. वाघाडच्या कालव्यावर पाणीवापर संस्था झाल्या तेव्हा पाणीवाटप का टिकलं, तर ज्यांच्या शेतात पाणी जाणार तेच ठरवायला बसले होते. इथेही चिप बनवणारा, फर्मवेअर लिहिणारा, कर्नलवाला आणि डेबियन-फेडोरासारखं तयार लिनक्स देणारा डिस्ट्रोवाला एका ठिकाणी येऊन वर्षभर भांडले म्हणून आज डेटा सेंटरमध्ये एआरएम सर्व्हरवर साधी इमेज लावता येते. मला ते भांडण उशीर वाटत नाही, कामच वाटतं.

गंगापूर रोडहून एक वाचक: सर्व्हर सुरू होताना 'एसीपीआय बायोस एरर' असं दोन-तीनदा येतं. घाबरायचं का?

सर्व्हर नीट चालतोय, तापमान दिसतंय, पंखे वागतायत, तर नाही. बहुतेक वेळा एएमएलमधला एखादा मेथड अशा नोंदीला हाक मारतो जी त्या मॉडेलमध्ये नसतेच. एकदा बायोस अपडेट करून बघा, आणि तरी राहिलं तर ती ओळ जशीच्या तशी विकणाऱ्याला पाठवा. फक्त एक करू नका, कुठे तरी वाचून बूटमध्ये एसीपीआय ऑफ लिहू नका, आजच्या इंटेल-एएमडी सर्व्हरवर त्याने कोर दिसेनासे होतात, इंटरप्ट बिघडतात, आणि मूळ एररपेक्षा मोठं काम मागे लागतं.

सातपूरहून एक लहान उद्योजक: आम्ही चार जण मिळून कारखान्यांसाठी एआरएमचा गेटवे डबा बनवतोय, मशीनचा डेटा गोळा करून सर्व्हरला पाठवणारा. एसीपीआय करावा का डिव्हाइस ट्री? आणि पुढे पस्तावायला नको म्हणून काय काळजी घ्यावी?

डिव्हाइस ट्री, डोळे मिटून. तुमच्या डब्याला विंडोज नको, बोर्ड तुमचा, कर्नल तुम्हीच निवडणार. पण दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा. डीटीबी फर्मवेअरमध्ये ठेवा, कर्नलच्या पॅकेजमध्ये नको. यू-बूट या बूटलोडरमध्ये (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) यूईएफआयचा आवश्यक तेवढा भाग आहे, तो चालू करा, आणि ईबीबीआर नावाचं मानक एकदा शांतपणे वाचा, छोटंच आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की ऑपरेटिंग सिस्टमला एकाच पद्धतीचं वर्णन द्यायचं, दोन्ही एकदम नाही.

दुसरी गोष्ट, वर्णन खरं लिहा. हे ऐकायला सोपं वाटतं, म्हणून माझ्यावर आलेला प्रसंग सांगते. एका कंपनीचे बोर्ड आम्ही वीसेक घेतले होते, दोन वर्षं उत्तम चालले. मग सिक्युरिटीसाठी कर्नल बदलला आणि सगळ्या बोर्डांचं नेटवर्क गेलं. गंमत म्हणजे केबल लावली की लिंकचा दिवा लागायचा, एक गिगाबिट असं दिसायचं, पण पिंग एक जायचा नाही. तीन रात्री गेल्या त्यात. शेवटी सापडलं ते एका शब्दात होतं. प्रोसेसर आणि इथरनेटची पीएचवाय चिप यांच्यामध्ये आरजीएमआयआय नावाची जोडणी असते, तिच्यात क्लॉक डेटापेक्षा साधारण दोन नॅनोसेकंद मागे लागतो. तो उशीर एक तर बोर्डवरच्या ताराच लांब काढून द्यायचा नाहीतर पीएचवायने आतून द्यायचा. डिव्हाइस ट्रीत नुसतं 'आरजीएमआयआय' लिहिलं तर अर्थ होतो की पीएचवायने काही करू नये, आणि 'आरजीएमआयआय-आयडी' लिहिलं तर पीएचवायने उशीर द्यावा. आमच्या बोर्डला उशीर लागत होता पण लिहिलेलं होतं नुसतं 'आरजीएमआयआय'. जुना ड्रायव्हर त्या ओळीकडे बघतच नव्हता, पीएचवाय रिसेट झाल्यावर उशीर आपोआप चालू असायचा म्हणून सगळं चालत होतं. नवीन ड्रायव्हर सुधारला, त्याने ओळ वाचली, लिहिल्याप्रमाणे उशीर बंद केला, आणि झालं. चूक नवीन कर्नलची नव्हती, दोन वर्षं चुकीचं लिहिलेलं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तीन अक्षरं वाढवली, डीटीबी पुन्हा बनवली, वीसच्या वीस बोर्ड दहा मिनिटांत सुरू. पण डीटीबी आमच्या हातात होती म्हणून, ती कुठल्या बंद फर्मवेअरमध्ये असती तर बोर्डवाल्याच्या पाया पडावं लागलं असतं.

म्हणून 'चालतंय ना, मग झालं' असं म्हणून पुढे जाऊ नका, प्रत्येक ओळ सर्किटच्या कागदाशी ताडून बघा. तुमच्या डब्यातल्या एखाद्या चिपला कर्नलमध्ये अजून बायंडिंग नसेल, म्हणजे तिची नोंद कशी करायची ते ठरलेलं नसेल, तर आपल्या मनाने नाव ठेवून माल विकायला काढू नका. आधी अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ कर्नलवाल्यांकडे, पाठवा. एकदा बाजारात गेलेली डीटीबी नवीन कर्नलवरही चालली पाहिजे हा त्या लोकांचा नियम आहे आणि तो तुमच्याच गिऱ्हाइकाच्या भल्याचा आहे, म्हणून ते नावावरून इतके अडून बसतात. बायंडिंग आता वायएएमएलमध्ये लिहितात, आणि कर्नलच्या झाडातच दोन तपासण्या आहेत, एक बायंडिंग तपासते, दुसरी तुमची डीटीएस (डीटीबी जिच्यातून बनते ती वाचता येणारी फाइल) त्या बायंडिंगशी ताडते. रोज बिल्ड करताना त्या चालवा. शेवटच्या महिन्यासाठी ठेवल्यात तर शंभर ओळी लाल दिसतील आणि मग कोणी बघत नाही.

सिन्नरहून पॉलिटेक्निकचे एक शिक्षक: मुलांना हे शिकवावंसं वाटतं. पण ही मानकं तिकडे परदेशात ठरतात, मोठ्या कंपन्या ठरवतात, आपल्या मुलांनी त्यात भाग घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

सर, तुमच्या पत्राने मला खरंच बरं वाटलं. डिव्हाइस ट्रीची चर्चा पूर्ण उघड्यावर होते, तिथे सभासद फी नाही, कंपनीचं पत्र लागत नाही, रॉब हेरिंग यांच्यासारखे मेन्टेनर अनोळखी माणसाचा पॅचही ओळीने ओळ तपासतात. आणि वेळ चांगली आहे, कारण एआरएमवर जे झालं तेच आता रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरच्या खुल्या रचनेवर चाललंय. तिथेही २०२३ मध्ये लिनक्समध्ये एसीपीआय यायला सुरुवात झाली, तिथेही सर्व्हरला एसीपीआय आणि छोट्या बोर्डला डिव्हाइस ट्री अशीच वाटणी होतेय. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि सी-डॅकचा वेगा हे दोन्ही रिस्क-फाइव्हच, म्हणजे त्यांचा उतारा लिहायला माणसं इथेच लागणार आहेत.

सुरुवात रास्पबेरी पाय ४ वरून करा, लॅबमध्ये एखादा असेलच. त्याच्यासाठी लोकांनी बनवलेलं यूईएफआय फर्मवेअर मिळतं, त्याच्या मेनूत एसीपीआय द्यायचा का डिव्हाइस ट्री ते निवडता येतं. एकाच बोर्डवर एकदा हा, एकदा तो लावून बूट करा आणि काय दिसेनासं झालं, काय चालतंय याची मुलांना वहीत यादी करायला सांगा, फरक त्यांच्या डोळ्यांसमोर येईल. मग कर्नलचं झाड घेऊन त्यातल्या कुठल्याही जुन्या बोर्डच्या डीटीएसवर ती तपासणी चालवा. इशारे निघतातच. एखाद्या नोडचं नाव नियमात बसत नाही, एखादी प्रॉपर्टी बायंडिंगमध्ये नाही, एखाद्याचा पत्ता आणि नावातला पत्ता जुळत नाही. त्यातला एकच निवडा, मुलांनी त्या चिपची डेटाशीट उघडून नक्की काय बरोबर ते शोधावं आणि मग पॅच करावा. ईमेल साध्या मजकुरात जाऊ द्या, अटॅचमेंट नको, कोणाला पाठवायचं ते कर्नलमधली गेट-मेन्टेनर स्क्रिप्ट सांगते, आणि पॅचच्या वर्णनात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहायला सांगा. उत्तर आलं की 'हे नाव असं नको, तसं हवं', तर मुलं खट्टू होतात, त्यांना सांगा माझे पहिले चार पॅच असेच परत आले होते. दुरुस्त करून व्ही २, म्हणजे दुसरी आवृत्ती, पाठवायची, खाली काय बदललं ते लिहायचं, आणि आठवडाभर उत्तर नाही आलं तर नम्रपणे एकदा आठवण करायची. एखादा पॅच लागला की मला कळवा, मुलाचं नाव छापायला त्याची हरकत नसेल तर याच पानावर छापते.